घरातलंच नाव

७ फेब्रुवारी

दादा,

पत्राच्या माथ्यावर ‘तीर्थरूप’ लिहायचं असतं, हे मला माहीत आहे. विसरलेलो नाही. आधी कच्चं लिहिलं, मग शब्दकोश शेजारी ठेवून हे पक्कं लिहून काढलं. एक जरी वेलांटी चुकली तरी तू तिच्यावर हसशील आणि मुद्दा बाजूला राहील, म्हणून एवढी काळजी.

फोनवर तुझ्याशी बोलता येत नाही. मी विषय काढला की तू ‘‘हो रे, बघतो’’ म्हणतोस, आणि तेवढ्यात तुझ्या गोदामात कोणीतरी तुला हाक मारतं. माझ्या नावाने. मला इकडे स्पष्ट ऐकू येतं. तू ‘‘आलो, आलो’’ म्हणतोस आणि फोन ठेवतोस.

तर मुद्दा असा. आपला सोळा वर्षांखालचा राष्ट्रीय संघ पात्रता फेरी खेळायला बाहेर चालला आहे. तुमच्या त्या स्पर्धेनंतर पहिल्यांदाच. आधी बंदीची वर्षं गेली, मग महासंघाने संघ उभाच केला नाही. यंदा पोरं चांगली आहेत. आणि स्पर्धा तुझ्याच देशात आहे. तुझाच म्हणायचा ना आता?

मी सरावाच्या मैदानावर काम करतो. गवत कापतो, फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखतो, गोलाच्या जाळ्या शिवतो. संघाचं सामान सांभाळणाऱ्या काकांचे गुडघे गेले आहेत, ट्रंका उचलणं आता त्यांच्याने होत नाही. त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं, ‘‘राखीवला घेऊन जा. पोरगा जर्सीची घडीसुद्धा पट्टी लावून घालतो.’’ मैदानावर मला सगळे राखीवच म्हणतात. कागदावरचं नाव आजवर कोणी विचारलं नव्हतं.

आता विचारलं. पासपोर्ट हवा म्हणून कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी माझं नाव, बाबांचं नाव, जन्मतारीख संगणकात घातली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

‘‘तुम्ही इथे कसे?’’

‘‘बसने आलो.’’

‘‘तसं नाही हो. तुम्ही तर तिकडे आहात. तिकडच्या आपल्या वकिलातीने तुमचा पासपोर्ट नवा करून दिलाय. बायकोचं नाव घातलंय त्यात. आणि हे बघा, मुलाची नोंदसुद्धा आहे.’’

रांगेत माझ्या मागे उभा असलेला माणूस म्हणाला, ‘‘अभिनंदन!’’ लोक हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

घरी येऊन आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘तुला सांगणारच होते.’’ म्हणजे तिला माहीत होतं. तुझं लग्न, तुझा मुलगा, सगळं. तुला मुलगा झाला हे तुझ्या भावाला खिडकीतून कळावं? आणि कागदोपत्री तर माझंच लग्न झालं, मलाच मुलगा झाला. माझं तोंड गोड करायला कोणी आलं नाही.

माझं मागणं एवढंच आहे. तू वकिलातीत जा. हा पासपोर्ट आपला नव्हे, धाकट्या भावाच्या नावाचा आहे, असं स्वतःहून सांग आणि परत कर. स्वतःहून सांगितलं तर प्रकरण सौम्यपणे घेतात, असं त्या बाईंनी मला हळूच सांगितलं. यात तुझं नुकसान होईल हे मला कळतं. कदाचित तुला परत पाठवतील. पण माझं नाव तुझ्याकडे आहे, दादा, आणि मला ते हवं आहे.

तुझा धाकटा भाऊ


२३ फेब्रुवारी

दादा,

पोच नाही. आईला मात्र तुझा फोन आला होता. ती मोरीत जाऊन बोलली आणि नळ सोडून ठेवला. नळाच्या आवाजातही तिचं ‘‘तो ऐकत नाही रे’’ मला ऐकू आलं.

मी ऐकत नाही. ठीक आहे. तू तरी ऐक. तू क्रीडाशाळेच्या वसतिगृहात होतास, मग दौऱ्यावर, मग परदेशात. इकडे घरात काय झालं ते तू पाहिलेलंच नाहीस. तुझ्या हिशेबी दोन वर्षांची बंदी होती आणि ती संपली.

क्रीडाशाळेचे सर आपल्या घरी आले तो दिवस मला आठवतो. तू सोळाचा, मी तेराचा. तू अंगाने बारीक, मिसरूडही फुटलेलं नव्हतं. बाबा शिलाई मशीनवर बसले होते, गळ्यात टेप. सर म्हणाले, ‘‘मोठा सोनं आहे हो, पण तीन वर्षं उशिरा सापडला. धाकट्याचा जन्मदाखला द्या, बाकी मी बघतो. सगळेच करतात.’’ बाबांनी धागा दातांनी तोडला आणि म्हणाले, ‘‘न्या. नाव घरातलंच आहे, घरातच राहील.’’ मोठ्याचे कपडे धाकट्याला होतात, हे सगळीकडे चालतं. आपल्या घरी शिंप्याने उलटं केलं.

एक नाव दोन शाळांत राहत नाही. ते क्रीडाशाळेत गेलं आणि माझ्या शाळेने मला पटावरून कमी केलं. सातवीत. सर म्हणाले होते, ‘‘एकदा याची संघात निवड होऊ दे, मग धाकट्याचंही बघू.’’ अजून बघताहेत.

आणि मग ती तालीम. ती आठवते का? बाबांनी नियम केला की आजपासून घरात सगळ्यांनी तुला माझ्या नावाने हाक मारायची, म्हणजे चारचौघांत चूक होणार नाही. तुला ‘ओ’ द्यायची सवय व्हायला हवी होती. मला न द्यायची. जेवताना बाबा पाठीमागून एकदम माझं नाव पुकारायचे. मी वळलो की टपली. तू वळलास की शाबासकी. तू दोन दिवसांत शिकलास. मला वेळ लागला, पण शिकलो तेव्हा पक्का शिकलो. आई तर तेव्हापासून मला नावाने हाकच मारत नाही. ‘ए’ म्हणते, नाहीतर ‘बाळ’ म्हणते. सव्वीस वर्षांच्या माणसाला.

तुम्ही स्पर्धेला गेलात तेव्हा मला मावशीकडे ठेवलं होतं. परदेशात असलेला पोरगा गल्लीत दूध आणताना दिसायला नको. मावशीच्या आतल्या खोलीत टीव्ही होता, आवाज बारीक. पहिला सामना दोन-एक जिंकलात. दुसरा एक-शून्य, आणि तो एक तू मारलास. लांबून, डाव्या पायाने, गोलरक्षकाच्या बोटांवरून. समालोचकाने माझं नाव घेतलं. एकदा नाही, किंचाळून तीनदा घेतलं. मग रस्त्यावर पोरं माझ्या नावाचा गजर करत पळत गेली, आणि मी पडद्यामागे उभा. खिडकी उघडायची बंदी होती. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला होता. मी गादीवर उड्या मारल्या. आवाज न करता.

तिसराही जिंकलात. आपल्या देशाचा पोरांचा संघ तिथवर कधी पोहोचला नव्हता. उपांत्य सामन्याआधी समोरच्या संघाने तक्रार केली आणि तुमच्या मनगटांचे फोटो काढले. कोवळ्या मुलांच्या मनगटाच्या हाडात फट असते, वाढ पुरी झाली की ती बुजते. तुझी बुजलेली निघाली. अकरा जणांत एकट्या तुझी.

महासंघाने भावाचा दाखला वापरला असं कुठेच म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर सर अडकले असते. त्यांनी एवढंच म्हटलं की खेळाडूने वय चोरलं. खेळाडू म्हणजे कोण? कागदावर जो आहे तो. बंदी माझ्यावर आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त इथे संन्यासी पंधरा वर्षांचा होता आणि आतल्या खोलीत बसला होता.

बंदी संपल्यावर मी एकोणीस वर्षांखालच्या संघाच्या चाचणीला गेलो होतो. हे तुला कोणी सांगितलं नसेल. मीही खेळायचो, दादा. वाईट नव्हतो. तिथे सर टेबलापाशी बसले होते. मी माझ्या मनगटाचा स्वतः काढून आणलेला फोटो पुढे केला. त्यात फट होती, चांगली ठळक. सरांनी तो उजेडाकडे धरलासुद्धा नाही. म्हणाले, ‘‘तुझी हाडं दोन वर्षांपूर्वी पूर्ण वाढलेली होती, असं रेकॉर्ड आहे. हाडं काय उलटी वाढतात का रे?’’ रांगेतली पोरं हसली. त्या दिवसापासून मी राखीव.

महासंघाच्या व्हरांड्यात एक मोठा फलक आहे. युवा संघाचे सगळे आंतरराष्ट्रीय सामने त्यावर रंगवलेले. तुमच्या स्पर्धेपुढे तीन वेळा ‘०-३’ लिहिलं आहे. बाद झालेल्या संघाचे जिंकलेले सामनेही तसेच धरतात. त्याखाली ‘सहभाग नाही’. त्याखाली पुन्हा ‘सहभाग नाही’. पेंटरने जुने आकडे खरवडले नव्हते, वरूनच रंग फासला. फलक पुसायचं काम माझ्याकडे आहे. उन्हं तिरकी आली की ०-३ च्या खालून २-१ वर येतो.

तू देश सोडून गेलास ती बातमीही आईकडूनच कळली. दौऱ्याचा पासपोर्ट तुझ्याकडेच राहिला होता. आयत्या बिळावर नागोबा.

उत्तर लिही.


११ मार्च

दादा,

पत्राला उत्तर म्हणून तू आईच्या फोनवर आवाज पाठवलास. आईने मला तो ऐकवला आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला, नंतर ‘मला असं कळलं नव्हतं’ असं व्हायला नको म्हणून. तुझेच शब्द लिहितो:

‘‘हे बघ, एवढं डोक्यात राख घालून घेऊ नकोस. माझे कागद बाबांच्या ट्रंकेत आहेत. जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, सगळं. तू माझं नाव घे ना. रिकामंच पडलंय. आपण दिसायलाही सारखे. तीन वर्षांनी मोठा होशील, त्यात काय? मी इथून हललो तर हिचं आणि पोराचं काय होईल, ते बघ जरा. तू समजूतदार आहेस.’’

मागून पोराचा आवाज येत होता. तो काहीतरी आपटत होता. बहुतेक चमचा.

समजूतदार. हा शब्द आपल्या घरात माझ्यासाठी राखून ठेवलेला आहे. दाखला नेला तेव्हा बाबा हेच म्हणाले होते. शाळेतून काढलं तेव्हा हेडसर हेच म्हणाले होते. समजूतदारपणाचं मला एखादं पदक तरी द्या.

मी ट्रंक उघडली. हे लपवत नाही. बाबा गेल्यापासून ती कोणी उघडली नव्हती. टेप, कातर, बटणांचा डबा, आणि तळाशी तुझे कागद, प्लॅस्टिकमध्ये. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक डाग नाही. मी ते टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसलो. तुझं नाव किती स्वच्छ आहे, दादा! त्याच्यावर बंदी नाही. त्याने कधी वय चोरलं नाही, देशाचं नाक कापलं नाही. तुझं नाव कधी खेळलंच नाही. जो खेळला त्याचं नाव कोरं, आणि जो घरी बसला त्याच्या नावाला काळिमा.

आरशासमोर उभा राहून मी तुझं नाव मोठ्याने घेतलं. मग ‘ओ’ दिली. जमत होतं. दोन दिवसांत येईल.

पण एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. खिडकीतल्या बाईंनी मुलाचं नाव वाचून दाखवलं होतं. तू त्याला तुझं नाव दिलं आहेस. स्वतःचं, खरं. मग ते रिकामं पडलंय असं मला कुठल्या तोंडाने सांगतोस? तुला ते इतकं हवं होतं की पोराला देऊन टाकलंस, म्हणजे दिवसातून दहा वेळा घरात ऐकू येईल. माझं नाव तू बाहेर वापरायला घेतलंस. कामावर घालायच्या कपड्यांसारखं. घरी गेल्यावर काढून ठेवत असशील.

कागद होते तसे प्लॅस्टिकमध्ये घालून ट्रंकेत ठेवले. मला तुझं नको. माझं दे.

तुमचा गोलरक्षक परवा मैदानावर आला होता. आता रुग्णवाहिका चालवतो. पोट सुटलं आहे. पोरांचा सराव बघत कुंपणाशी उभा होता. मला म्हणाला, ‘‘राखीव, तुझा भाऊ कसा आहे?’’

‘‘बरा आहे.’’

‘‘एकदा ये म्हणावं इकडे. मारत नाही त्याला. नुसतं मनगट बघायचंय. ज्या हाडाने आमच्या अकरा जणांची माती केली, ते दिसतं तरी कसं?’’

हसत म्हणाला, पण कुंपणाची तार त्याने मुठीत धरली होती. त्याला एका परदेशी क्लबने चाचणीला बोलावलं होतं, त्या उपांत्य सामन्यानंतर जायचं ठरलं होतं, ते बारगळलं. तुला माहीत होतं का? मला नव्हतं.


२९ मार्च

दादा,

पासपोर्ट कचेरीत मी अर्ज दिला होता, त्याच्या सुनावणीची तारीख मिळाली. १५ एप्रिल, सकाळी. त्या दिवशी मी अंगठा आणि बोटं मशीनवर टेकवायची, ती तुझ्याकडच्या पासपोर्टातल्या ठशांशी ताडणार, आणि माझं म्हणणं जुन्या जन्मनोंदीशी, शाळेच्या पटाशी आणि मावशीच्या साक्षीशी. मावशी यायला तयार आहे. मी तो मीच आहे असं ठरलं, की तिकडचा जो आहे तो खोटा ठरतो. तुझा पासपोर्ट रद्द होतो, मला नवा तातडीने मिळतो आणि तिकडच्या सरकारला कळवतात. हे सगळं मला समजावून सांगितलं आणि मी ते तुला सांगतो आहे. पाठीमागून वार केला असं तू म्हणू नयेस.

अजून दोन आठवडे आहेत. तू स्वतःहून गेलास तर बरं.

सरांना सुगावा लागला. सर आता महासंघात वय पडताळणी समितीचे प्रमुख आहेत. हसू नकोस, खरंच आहेत. चोराच्या हाती किल्ल्या. पोरांची मनगटं तपासायला तेच उभे राहतात आणि प्रत्येकाला म्हणतात, ‘‘लक्षात ठेवा, हाड खोटं बोलत नाही.’’

मी पेनल्टीच्या चौकटीची रेषा मारत होतो, तिथे आले. बुटाने फक्की विस्कटली.

‘‘काय रे, जुनी मढी उकरतोयस म्हणे?’’

‘‘माझाच पासपोर्ट मागतोय, सर.’’

‘‘अरे, संघ इतक्या वर्षांनी बाहेर चाललाय. आत्ता हे बाहेर आलं तर पेपरवाले काय लिहितील? पुन्हा बंदी आली तर? या पोरांचं वाटोळं करायचंय का तुला?’’

‘‘माझं झालं तेव्हा तुम्ही तिथेच होतात.’’

‘‘तू समजूतदार मुलगा आहेस,’’ सर म्हणाले.

बघ. सगळ्यांना कसं पाठ आहे.

मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘हा दौरा सोड. पुढच्या वेळी तुला नक्की नेऊ. मी बघतो.’’ मी विस्कटलेली रेषा पुन्हा मारली. सरांचा बूट मध्येच होता, तो पांढरा झाला. त्यांनी बघितलं नाही. तसेच कचेरीत गेले, व्हरांडाभर पावलं उमटवत. ती मीच पुसली.

पण खरं सांगतो, त्यांचं ते एक वाक्य डोक्यातून जात नाही. पोरांमध्ये एक डावखुरा आहे, पंधरा वर्षांचा. खरोखर पंधरा वर्षांचा. लांबून मारतो. परवा त्याने मारलेला चेंडू तुझ्यासारखाच वळला आणि मी हातातलं काम टाकून बघत राहिलो.

आईचं जेवण कमी झालं आहे. फक्त एवढंच म्हणाली, ‘‘तो आला तर येईल कुठे रे? तीन माणसं. खोल्या दोन.’’ मी म्हटलं, ‘‘आई, मी कुठे जाऊ, ते कधी विचारलंस का?’’ ती उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

उत्तराची वाट बघतो. आवाज नको. लिहून पाठव, आणि खाली तुझी खरी सही कर.


१८ एप्रिल

दादा,

तू लिहिलं नाहीस. वकिलातीतही गेला नाहीस, हे मला सुनावणीच्या आदल्या दिवशी कचेरीत फोन करून विचारल्यावर कळलं. मग मी ठरवलं की आता मागे हटायचं नाही.

चौदाच्या संध्याकाळी मी खोलीत कागद क्रमाने लावत होतो. स्वयंपाकघरातून आईने हाक मारली. मी कागद लावत राहिलो. तिने पुन्हा हाक मारली. मग ती दारात येऊन उभी राहिली, हातात माझा इस्त्री केलेला शर्ट.

‘‘तुलाच बोलावतेय,’’ ती म्हणाली.

तिने मला माझ्या नावाने हाक मारली होती, दादा. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. आणि मला ती तुझ्यासाठी वाटली.

तिने शर्ट खुंटीला लावला. ‘‘जा उद्या. तुझं तुला मिळायला हवं. मी त्याला काय सांगायचं ते सांगेन.’’ तेव्हाही ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी मावशीला घेऊन गेलो. मोठी खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर नंबर दाखवायची पाटी. ती बंद पडलेली. म्हणून शिपाई दारात उभा राहून नावाने पुकारत होता. मावशी पाणी शोधायला बाहेर गेली. मी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. माझ्या शेजारी एक बाई होत्या, त्यांची तान्ही मुलगी माझ्या पिशवीचा बंद ओढत होती.

शिपायाने नाव पुकारलं. मी त्या मुलीच्या हातातून बंद सोडवत होतो. हळूच, तिला लागू नये असा.

त्याने पुन्हा पुकारलं, जरा मोठ्याने. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिल्यांदाही मी ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि मान खाली घातली होती. टपली बसेल म्हणून.

आता उठायचं एवढंच बाकी होतं. दार चार पावलांवर होतं, आत मशीन होतं. आणि मी विचार केला की आत जाऊन मला काय मिळणार आहे? माझं नाव. म्हणजे काय काय? ती बंदी. ते ०-३. माझं न झालेलं लग्न. एका डाव्या पायाचा गोल, जो मी गादीवरून बघितला. हे सगळं त्या नावाला चिकटलेलं आहे आणि यातलं एकही मी केलेलं नाही. तेराव्या वर्षापर्यंत ते माझं होतं. त्यानंतर तू ते इतकं वापरलंस की मला बसेल असं त्यात काही उरलेलंच नाही. आपला बाप शिंपी होता, तुला कळेल. एकदा दुसऱ्याच्या मापाने कापलं की कापड परत जोडता येत नाही.

तिकडे एक पोरगं चमचा आपटतं आहे. मी अंगठा टेकवला असता, तर त्याच्या बापाचं नाव त्या क्षणी खोटं ठरलं असतं. बापाने नावाशी खेळ केला की पोराचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे.

शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘‘तुमचं नाव पुकारतोय का हो तो?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘माझ्या भावाचं आहे.’’

शिपायाने तिसऱ्यांदा पुकारलं, कागदावर काट मारली आणि पुढचं नाव घेतलं.

मी तुला सोडलं असं समजू नकोस. माफ तर केलेलं नाहीच. आईला आज तू फोन करशील, ती तुला सांगेल आणि तू सुटकेचा श्वास टाकशील. तो श्वास मला ऐकवू नका, एवढीच विनंती आहे. आणि मी समजूतदार आहे असं कोणी म्हणालं तर मी घर सोडून जाईन. कुठल्या नावाने ते माहीत नाही.

मावशी पाणी घेऊन आली तेव्हा मी दाराबाहेर होतो. ‘‘झालं?’’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘‘झालं.’’

संघ काल गेला. काका स्वतःच गेले, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून. ट्रंका मी भरून दिल्या. प्रत्येक जर्सीची घडी नंबर वर येईल अशी घातली आहे. डावखुऱ्या पोराला बुटाच्या जादा नाड्या दिल्या, तो नाडी फार ओढतो. गाडी सुटताना त्याने खिडकीतून विचारलं, ‘‘राखीवभाऊ, तुम्ही नाही येत?’’ मी म्हटलं, ‘‘माझा भाऊ आहे तिकडे.’’

त्याला वाटलं, ही माझ्या आनंदाची गोष्ट आहे. त्याने हात हलवला.

पहिला सामना रविवारी आहे, टपालाला उशीर होईल म्हणून या पत्राचा फोटो आईच्या फोनवरूनही पाठवतो. मैदान तुझ्या गोदामापासून लांब नाही, मी नकाशात बघितलं. तू जा. पोराला खांद्यावर घेऊन जा. ही एक गोष्ट तू माझ्यासाठी करायचीस. तो डावखुरा चेंडू लांबून मारेल तेव्हा उठून उभा राहा आणि ओरड, कारण मला ओरडायला तिथे येता आलेलं नाही. काय होतं ते सविस्तर लिहून कळव. पोरं जिंकली तर फलकावर नवी ओळ रंगवायची आहे, आणि या वेळी खालचा जुना रंग आधी खरवडून काढा, असं मी पेंटरला सांगणार आहे.

मैदानाच्या दारावर ओळखपत्र बघतात. नाव विचारतील. माझं सांग. तुझा उच्चार माझ्यापेक्षा साफ आहे.

खाली सही करत नाही. ती तुझ्याकडेच आहे.